लाँगबो: निवडीपासून शिकारीतल्या पहिल्या बाणापर्यंत

लाँगबो, म्हणजे जवळजवळ माणसाच्या उंचीचं साधं लांब धनुष्य, घेणारे बहुतेक जण आधी जड धनुष्य उचलतात, मग मिळतील ते बाण घेतात, मग बाण एका जागी का लागत नाहीत म्हणून महिनाभर बोटं झिजवतात आणि शेवटी त्याच बाणांना पाती लावून रानात जातात. सगळा घोळ क्रमाचा आहे. आधी स्वतःचं माप, मग धनुष्य, मग त्या धनुष्याला साजेसा बाण, मग अंतर आणि सगळ्यात शेवटी जनावर, या क्रमाने गेलात तर वेळ आणि पैसा वाचतोच, शिवाय एखादं हरिण पोटात बाण घेऊन रात्रभर तडफडत नाही. हा लेख मुख्यतः त्यासाठीच आहे.

कायद्याचं आधी सांगतो. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे शिकारीला मनाई आहे. ब्रिटनमध्येही धनुष्याने शिकार करणं बेकायदा आहे. जिथे परवानगी आहे तिथेही परवाना, हंगाम, कुठलं जनावर, धनुष्याचं किमान पाउंडेज (ते ओढायला लागणारी ताकद, पाउंडांत), पात्याची किमान रुंदी अशा अटी असू शकतात. ज्या भागात जाणार तिथले नियम स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. शिकार करायची नसेल किंवा करता येत नसेल, तरी पहिले पाच टप्पे टार्गेटवर नेम धरणाऱ्यालाही तंतोतंत लागू आहेत.

खालच्या सगळ्या डाव्या-उजव्या खुणा उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्यासाठी आहेत. डावखुऱ्यांनी उलट वाचावं.

## टप्पा १: आधी ड्रॉ लेंग्थ, मग पाउंडेज

लाँगबोवर लिहिलेलं पाउंडेज २८ इंच ओढल्यावरचं असतं. तुमची खेच २६ इंचच असेल, तर ४५ पाउंडाचं धनुष्य तुमच्या हातात साधारण ४० पाउंडांचंच राहतं, कारण एका इंचामागे दोन ते तीन पाउंड कमी-जास्त होतात. म्हणून माप आधी.

१. २०-२५ पाउंडांचं हलकं धनुष्य मागून आणा. लांब बाण लावून नेहमीच्या अँकरपर्यंत ओढा. अँकर म्हणजे बोट गालाला किंवा ओठाच्या कोपऱ्याला जिथे टेकतं ती ठरलेली जागा.
२. धनुष्याची समोरची बाजू बाणाला जिथे येते तिथे सोबत्याला खूण करायला सांगा. नॉकच्या, म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाला दोरी बसते त्या भागाच्या, खाचेच्या तळापासून त्या खुणेपर्यंतचं अंतर ही तुमची ड्रॉ लेंग्थ.
३. दहा-बारा बाण मारल्यावर पुन्हा मोजा. ताजेपणी माणूस जास्त ओढतो, हात स्थिरावला की खेच अर्धा-पाऊण इंच आखडते. हे दुसरं माप धरा.

कम्पाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या आधुनिक धनुष्यावरून येणाऱ्यांनी जुना आकडा वापरू नये. लाँगबोला कोपर किंचित वाकलेलं आणि डोकं थोडं पुढे झुकलेलं असतं, त्यामुळे खेच बहुधा कमीच भरते.

आता पाउंडेज. शिकायला २५ ते ३० पाउंड पुरे. हरणासारख्या जनावरासाठी तुमच्या खेचेला ४० ते ५० पाउंड भरणारं धनुष्य, धारदार पातं आणि पुरेसा जड बाण असेल तर काम चोख होतं. ५५-६० पाउंडांचा हट्ट सोडा. जड धनुष्य हातात घेतलेला माणूस लांबून ओळखू येतो: पहिले पाच बाण ठीक जातात, सहाव्याला बाणाचं टोक अँकरला पोचायच्या आधीच एक बोटभर पुढे सरकू लागतं आणि बोटं आपोआप सुटतात. तो बाण त्याने सोडलेला नसतो, तो निसटलेला असतो. ही सवय एकदा लागली की हलकं धनुष्य घेऊनही ती सुटायला महिने लागतात.

तपासणी: स्टुलावर बसा, दोन्ही पाय जमिनीवरून उचला आणि धनुष्य समोर धरून सरळ ओढा. आभाळाकडे रोखून झटका देत ओढावं लागत असेल तर धनुष्य तुम्हाला जड आहे. वीस बाणांनंतर हीच चाचणी पुन्हा करा. थंडीत, तासभर न हलता बसल्यावर हे धनुष्य ओढायचंय हे लक्षात ठेवा.

## टप्पा २: धनुष्याची निवड आणि पारख

लाँगबो तीन ढंगांचे मिळतात. इंग्लिश पद्धतीचा अरुंद आणि जाड, आडव्या छेदात इंग्रजी ‘डी’सारखा दिसणारा. रुंद-चपट्या भुजांचा (मुठीच्या वर-खाली वाकणाऱ्या दोन भागांचा) फ्लॅटबो. आणि दोरी उतरवल्यावर भुजा हलक्याशा पुढे वळलेल्या दिसणारा रिफ्लेक्स-डिफ्लेक्स, ज्यात लाकूड आणि फायबरग्लासचे थर चिकटवलेले असतात. पहिल्यांदाच शिकारीसाठी घेत असाल तर माझं स्पष्ट मत तिसऱ्याला. तो हाताला कमी हादरतो, ऊन-पावसात कमी बदलतो आणि त्याच पाउंडेजला बाण थोडा जलद फेकतो. अखंड लाकडाचं धनुष्य सुंदर असतं, पण ते घेणाऱ्याने त्याची निगा शिकूनच घ्यावं.

लांबी: २७-२८ इंच खेच असेल तर ६४ ते ६८ इंच. त्याहून आखूड घेतलात तर पूर्ण ओढल्यावर दोरीचा कोन तीव्र होतो, बोटं चिमटतात आणि बाण सोडताना दोरी बाजूला सरकते. झुडपात सोयीचं म्हणून आखूड धनुष्य घेणारे नेम गमावून बसतात.

जुनं धनुष्य घेत असाल तर घाई करू नका. उजेडात न्या आणि या क्रमाने बघा:

१. दोरी उतरवून दोन्ही भुजांच्या कडांवरून कापसाचा बोळा फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे चीर किंवा उठलेली फायबर आहे.
२. चिकटवलेल्या थरांच्या रेषा पूर्ण लांबीभर बघा. रेषा कुठे केसाएवढी उघडली असेल तर ठेवून द्या.
३. लाकडी धनुष्यात पोटाच्या बाजूला, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूला, आडव्या बारीक सुरकुत्या नखाला लागतात का पाहा. त्या दाबाने लाकूड चुरल्याच्या खुणा असतात. पाठीवरची चीर त्याहून धोक्याची.
४. दोरी चढवून एका टोकाकडून बंदुकीच्या नळीसारखं न्याहाळा. दोरी मुठीच्या मधोमध दिसायला हवी. भुजा पिळलेली असेल तर दोरी एका बाजूला झुकते.
५. मालकाला हळूहळू पूर्ण ओढायला सांगा आणि तुम्ही बाजूने बघा. दोन्ही भुजा सारख्या गोलाईने वाकायला हव्यात. एका जागी बिजागरीसारखं मोडल्यागत दिसलं तर नको.

लाकडी धनुष्य दोरी उतरवल्यावरही एक-दीड इंच वाकलेलं राहिलं, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. वापरलेल्या लाकडाचा तो स्वभाव आहे.

इशारा: बाण न लावता ओढून दोरी सोडायची नाही, दुकानात गंमत म्हणूनही नाही. बाणात जाणारी सगळी ताकद भुजांत परतते आणि धनुष्य फुटू शकतं.

## टप्पा ३: दोरी चढवणं आणि बसवणं

दोरी स्ट्रिंगरनेच, म्हणजे त्यासाठीच्या वेगळ्या जाड दोरीनेच चढवा. पायात अडकवून वाकवायची पद्धत भुजा पिळते.

दोरीचा प्रकार धनुष्य ठरवतं. जुन्या आणि अखंड लाकडी धनुष्यांना डॅक्रॉन, म्हणजे थोडी ताणणारी दोरी. फास्ट फ्लाइटसारखी न ताणणारी दोरी फक्त टोकं मजबूत केलेल्या धनुष्यालाच, तीही बनवणाऱ्याने चालेल म्हटलं असेल तर.

ब्रेस हाइट म्हणजे दोरी चढवल्यावर मुठीच्या सगळ्यात खोल भागापासून दोरीपर्यंतचं अंतर. बऱ्याच लाँगबोंना ते सहा ते सात-सव्वासात इंच लागतं. जुना ठोकताळा म्हणजे मूठ आवळून अंगठा उभा केल्यावर होणारी उंची. बनवणाऱ्याने सांगितलेल्या किमान आकड्यापासून सुरुवात करा, दोरीला तीन-चार पीळ वाढवा, सहा बाण मारा, ऐका. पुन्हा पीळ वाढवा. एका जागी आवाज ‘टण्ण’ऐवजी ‘थप्प’ होतो आणि हाताला बसणारा हादरा कमी होतो. तो आकडा मुठीजवळ लिहून ठेवा. नवी दोरी सुरुवातीला ताणते, त्यामुळे पहिले काही दिवस रोज मोजा.

मुठीवर बाण टेकतो ती पायरी म्हणजे शेल्फ, आणि दोरीवर नॉक बसवायची खूण म्हणजे नॉकिंग पॉइंट. तो शेल्फच्या काटकोनात दोरीवर येणाऱ्या जागेपासून साधारण अर्धा इंच वर बांधा आणि नॉकच्या खाली दुसरा बांधा, म्हणजे बाण दोरीवर खाली सरकणार नाही. सुरुवातीला फक्त दोरा गुंडाळा, कायमचं बसवू नका. पाचव्या टप्प्यात तो हलणार आहे.

## टप्पा ४: बाण

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि दोष धनुष्याला जातो.

लाँगबोत बाण धनुष्याच्या मध्यातून जात नाही, तो मुठीच्या बाजूला टेकलेला असतो. दोरी मात्र मध्याकडे धावते. म्हणजे बाणाला सुटताना वाकून, धनुष्याला वळसा घालून, पुन्हा सरळ व्हावं लागतं. किती वाकायचं हे त्याच्या ताठपणावर अवलंबून असतं, त्यालाच स्पाइन म्हणतात. ताठ बाण पुरेसा वाकत नाही आणि डावीकडे फेकला जातो. मऊ बाण जास्त वाकून उजवीकडे जातो.

आता गोंधळाची जागा. लाकडी बाणाचा स्पाइन पाउंडात सांगतात आणि आकडा मोठा तेवढा बाण ताठ. कार्बन बाणावर ४००, ५००, ६०० असं लिहिलेलं असतं आणि तिथे आकडा मोठा तेवढा बाण मऊ, कारण तो आकडा बाण किती वाकला ते सांगतो: २८ इंचांवर टेकवून मध्ये १.९४ पाउंडांचं वजन टांगल्यावर अर्धा इंच वाकला तर ५००. लाकडावरून कार्बनवर जाताना हे उलटं वाचलं की डझनभर बाण वाया जातात.

सुरुवात अशी करा:

१. लाकडी बाण असतील तर तुमच्या खेचेला भरणाऱ्या पाउंडेजच्या गटातला स्पाइन घ्या. ४५ पाउंड भरत असेल तर ४५-५० चा गट. बाण २८ इंचांहून लांब असेल तर दर इंचामागे पाच पाउंड ताठ घ्या, कारण लांब दांडी मऊ वागते.
२. डझनभर घेऊ नका. शेजारच्या तीन गटांतले दोन-दोन बाण घ्या आणि मारून ठरवा.
३. वजन: शिकारीसाठी एका पाउंडामागे दहा ग्रेन ही चांगली खूणगाठ. ४५ पाउंडांना ४५० ग्रेन, म्हणजे २९ ग्रॅमच्या आसपास. आठ ग्रेनच्या खाली जाऊ नका, धनुष्यावर ताण येतो. जड बाण शांत सुटतो आणि आत खोल जातो.
४. पिसं खरीच हवीत, प्लॅस्टिकची नकोत. शेल्फवरून जाताना पीस दबतं, प्लॅस्टिक बाणाला उडवतं. एका बाणावरची सगळी पिसं एकाच बाजूच्या पंखाची असावीत.
५. लाकडी दांडी फिरवून बघा. दोन बाजूंना समांतर रेषा दिसतात, दोन बाजूंना टोकदार ‘व्ही’सारखी नक्षी. समांतर रेषांची बाजू धनुष्याकडे आली पाहिजे, नॉक त्याप्रमाणे चिकटवा. वरच्या बाजूच्या ‘व्ही’ची टोकं बाणाच्या टोकाकडे असावीत. कधी दांडी फुटलीच तर फुटका तुकडा हातात न घुसता वर निघण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

तपासणी: नॉक दोरीवर बसवून बाण उभा लटकू द्या. तो स्वतः पडू नये, पण दोरीला टिचकी मारली की पडावा.

इशारा: प्रत्येक फेरीनंतर बाण वाकवून, पिळून, कानाशी धरून बघा. करकर ऐकू आली तर तो तिथेच मोडून टाका. तडकलेला कार्बन बाण सुटताना फुटतो आणि त्याच्या काड्या हातात शिरतात.

## टप्पा ५: बिनपिसाच्या बाणाने जुळवणी

सारख्याच दोन बाणांची पिसं काढून टाका. पीस बाणाची चूक झाकतं, ते नसलं की बाण खरं बोलतो.

१. दहा यार्डांवरून (एक यार्ड म्हणजे तीन फूट) तीन पिसांचे आणि दोन बिनपिसांचे बाण मारा. बाण कसे तिरके रुतलेत ते सोडून द्या, कुठे लागलेत तेवढंच बघा.
२. आधी उभी दिशा. बिनपिसाचे खाली लागत असतील तर नॉकिंग पॉइंट फार वर आहे, थोडा खाली घ्या. वर लागत असतील तर वर घ्या. एका वेळी दोन मिलिमीटर पुरेत.
३. उभी दिशा जुळल्यावरच आडवी. बिनपिसाचे डावीकडे म्हणजे बाण ताठ: टोक जड करा किंवा मऊ दांडी घ्या. उजवीकडे म्हणजे मऊ: टोक हलकं करा किंवा दांडी पाव इंच कापा.
४. मग १५ आणि २० यार्डांवर हेच करा.

क्रम उलटा केला तर फसगत होते. नॉकिंग पॉइंट फार खाली असला की बाण शेल्फवर आपटून कडेला उडतो आणि स्पाइन चुकल्यासारखं दिसतं. लोक मग नवे बाण मागवतात.

दमला असाल तेव्हा जुळवणी करू नका. दोन वेगवेगळ्या दिवशी तेच उत्तर आलं तरच दांडी कापा. कापलेली पुन्हा जोडता येत नाही.

## टप्पा ६: पाती

लाँगबोच्या ताकदीला दोन धारांचं, न उघडणारं, टोकापासूनच कापत जाणारं ब्रॉडहेड (शिकारीचं पातं) योग्य. आदळल्यावर उघडणारी पाती टाळा, उघडण्यातच ताकद खर्च होते.

पॅकेटातून काढलेलं पातं धारदार समजू नका. कानशीने किंवा दगडाने कोन सारखा ठेवून दोन्ही बाजूंना बारीक कंगोरा उठेपर्यंत घासा, बारीक दगडावर तो काढा, शेवटी चामड्यावर ओढा. ताणून धरलेल्या रबरबँडवरून पातं नुसतं फिरवलं की रबर तुटलं पाहिजे. दाबावं लागलं तर धार नाही. बाणाने जनावर रक्तस्रावाने मरतं, आणि बोथट पातं नसा कापत नाही, बाजूला सारतं.

पात्याचं वजन सरावाच्या टोकाएवढंच असावं. बसवल्यावर बाण टोकावर उभा धरून भोवऱ्यासारखा फिरवा, थरथरला तर पात्याचा गोंद तापवून ते पुन्हा बसवा. मग १५ यार्डांवर पाती आणि सरावाची टोकं एकाच जागी लागतात का ते बघा. लागत नसतील तर पाचव्या टप्प्यावर परत जा.

इशारा: पाती नेहमी झाकणाच्या भात्यात. पँटच्या खिशात किंवा पाठीवर उघडी नकोत.

## टप्पा ७: तुमचं अंतर किती, ते पहिला बाण सांगतो

सरावाच्या चाळिसाव्या बाणाला कोणाचाही हात बसतो. रानात चाळिसावा बाण नसतो. म्हणून हे करा: रोज सकाळी, अंग न सैलावता, वेगळ्या जागी उभं राहून किंवा बसून एकच बाण मारा. निशाण आठ इंचांचं वर्तुळ, हरणाच्या छातीतला मर्मभाग अंदाजे तेवढाच असतो. अंतर आणि निकाल वहीत लिहा. तीस दिवसांनी बघा: ज्या अंतरावर दहापैकी नऊ पहिले बाण आत आहेत, ते तुमचं अंतर. बहुतेकांचं १५ यार्ड निघतं, चांगल्यांचं २०. वाईट वाटून घेऊ नका आणि आकडा फुगवू नका.

२० यार्डांपलीकडे नेम चांगला असला तरी दुसरी अडचण आहे. लाँगबोचा बाण सेकंदाला १६० फुटांच्या आसपास जातो. २० यार्ड म्हणजे ६० फूट जायला त्याला एक-तृतीयांश सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. दोरीचा आवाज मात्र सेकंदाच्या विसाव्या भागात पोचतो. सावध हरिण तेवढ्यात दबून उडी घेतं आणि फुप्फुसावरचा बाण पाठीत लागतो. म्हणूनच दोरीला लोकरीचे गोंडे बांधायचे आणि कान टवकारलेल्या जनावरावर बाण सोडायचा नाही.

सराव गुडघ्यावर, स्टुलावर, मचाणावरून, जाड कपडे घालून करा. मचाणावरून मारताना हात खाली करू नका, कमरेतून वाका, नाहीतर खेच आखडते.

## टप्पा ८: रानात

वारा जनावराकडून तुमच्याकडे यायला हवा. फुटाण्याएवढी पावडर बोटांनी उडवून दर अर्ध्या तासाने बघा, फिरला तर उठून जा. बसल्या जागी धनुष्य पूर्ण ओढून फिरवून बघा. ६६ इंचांच्या धनुष्याची खालची भुजा फांदीला किंवा मांडीला लागली तर बाण वाया गेलाच.

मचाणावर चढताना जमिनीपासून सुरक्षा-पट्टा बांधलेला हवा. धनुष्य आणि भाता नंतर दोरीने वर ओढा.

बाण दोनच स्थितींत सोडा. जनावर पूर्ण आडवं असेल तेव्हा पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. किंवा तिरकं, तोंड पलीकडे करून उभं असेल तेव्हा पलीकडच्या पुढच्या पायाचा नेम धरून. समोरून, तोंड तुमच्याकडे तिरकं, पळताना, पानांआडून: नाही. संपूर्ण जनावराकडे बघू नका, एक केसाची वळी निवडा आणि बाण लागेपर्यंत नजर तिथून हलवू नका.

## टप्पा ९: बाण सुटल्यानंतर

१. जनावर कुठे उभं होतं आणि शेवटचं कुठे दिसलं, या दोन खुणा झाडा-दगडावर पक्क्या करा. जागेवरून हलू नका.
२. घड्याळ बघा. छातीत लागल्याची खात्री असली तरी अर्धा तास थांबा.
३. बाण शोधा आणि हुंगा. फिकट, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, त्या अर्ध्या तासानंतर माग लगेच काढता येतो. गडद लाल म्हणजे यकृत असू शकतं, चार तास थांबा. हिरवट घाण आणि वास म्हणजे पोट, किमान सहा ते आठ तास. घाई केलीत तर बसलेलं जनावर उठून मैलभर जातं आणि मिळत नाही.
४. रक्ताच्या मागाशेजारून चाला, त्यावरून नाही. प्रत्येक शेवटच्या थेंबाला कागदाचा तुकडा लावत पुढे जा. माग तुटला तर त्या तुकड्यापासून वाढत्या वर्तुळात शोधा.
५. पोचल्यावर मागच्या बाजूने जा आणि लांब काठीने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली तर दुसरा बाण लगेच.

परतल्यावर पाती पुसून तेलाचा हात फिरवा, लाकडी धनुष्याची दोरी उतरवा, ओली पिसं वाफेवर धरून फुलवा. धनुष्य उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, चिकटवलेले थर सुटतात.